‘भानगडीत पडू नकोस’

जून महिना उजाडला, की आपल्या धर्मग्रामांतून मुलेमुली बॅगा भरून कोल्हापूरला निघतात. आजरा, चंदगड, गडहिंग्लज या भागांतील असतात, घाटाखालच्या सिंधुदुर्गातील असतात. शहरातील तर असतातच. कुणी विज्ञान शाखेला, कुणी वाणिज्यला, कुणी अभियांत्रिकीला, कुणी परिचर्येच्या शिक्षणाला. निरोप देताना आईबाप जो उपदेश करतात तो बहुतेक घरी सारखाच असतो. नीट अभ्यास कर, वेळेवर जेव, रविवारची मिस्सा चुकवू नकोस, आणि कुठल्या भानगडीत पडू नकोस. पहिल्या तीन वाक्यांशी कुणाचे भांडण असण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखाचे भांडण चौथ्या वाक्याशी आहे.

‘भानगड’ हा शब्द आपण किती ऐसपैस वापरतो ते पाहण्यासारखे आहे. वर्गप्रतिनिधी होणे ही भानगड. खानावळीतल्या पाणचट आमटीबद्दल दहा जणांच्या सह्यांचा अर्ज देणे ही भानगड. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष उलटले तरी का आली नाही, हे कार्यालयात जाऊन विचारणे ही भानगड. वादविवाद स्पर्धेत जात, धर्म, आरक्षण असल्या विषयांवर तोंड उघडणे ही तर मोठीच भानगड. निवेदन, मोर्चा, पथनाट्य, निवडणूक, मतदार यादी: नागरिक म्हणून माणूस ज्या ज्या गोष्टी करतो, त्या साऱ्या आपण या एका शब्दाच्या पोतडीत कोंबल्या आहेत. दारू, जुगार, मारामारी यांच्याच जोडीला निवडणूक टाकली, की मुलाच्या मनात त्या साऱ्यांची प्रत एकच होते. तीन-चार वर्षांनी तो पदवी घेऊन परततो. हाती नोकरीचा अर्ज असतो. पण गावाच्या पाण्याचा, रस्त्याचा, शाळेचा प्रश्न आपला आहे ही जाणीव नसते. मग आपणच सभासंमेलनांतून हळहळतो, की ग्रामपंचायतीत आपला माणूस का नाही? आपले गाऱ्हाणे कुणी ऐकत का नाही? ज्याला वीस वर्षे गप्प राहण्याचे वळण लावले, त्याने एकविसाव्या वर्षी एकाएकी बोलावे अशी अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करायची?

पाठ्यपुस्तकाबाहेरचा धडा

यावर काहीजण म्हणतात, ‘महाविद्यालयाने विषय शिकवावेत. मूल्ये घरात आणि ख्रिस्तमंदिरात मिळतात.’ हे अर्धसत्य आहे. मूल्यांचे बी घरात पडते हे खरे. परंतु घरातली माणसे आपण निवडलेली नसली, तरी ती आपल्यासारखी असतात. महाविद्यालयात तरुण मनुष्य प्रथमच अशा लोकांबरोबर राहतो, जे त्याच्यासारखे नाहीत. तेथे त्याच्या मूल्यांची परीक्षा होते आणि पुष्कळदा त्यांना नवे वळण लागते.

याविषयी थिओडोर न्यूकम या समाजमानसशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास जुना असला, तरी आजही उल्लेखिला जातो. अमेरिकेतील बेनिंग्टन या मुलींच्या महाविद्यालयात त्याने १९३० नंतरच्या दशकात विद्यार्थिनींची सामाजिक व राजकीय मते वर्षानुवर्षे तपासली. मुली बहुतांशी सधन, परंपरानिष्ठ घरांतल्या होत्या. चार वर्षांत त्यांपैकी अनेकींची मते घरच्या मतांपासून दूर गेली. न्यूकमने हे निष्कर्ष १९४३ साली प्रसिद्ध केले. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. सुमारे पंचवीस वर्षांनी त्याने त्याच स्त्रियांची पुन्हा भेट घेतली, तेव्हा महाविद्यालयात घडलेली मते बहुतेकींच्या ठायी टिकून होती. त्या मतांची दिशा आपल्याला पटो वा न पटो. विशी ओलांडताना माणसाला समाजाकडे पाहण्याची जी नजर मिळते ती पुढे सहसा बदलत नाही, एवढे तरी त्यावरून ध्यानी यावे.

म्हणजे महाविद्यालय नागरिकत्वाचा धडा देतेच. तो द्यावा की न द्यावा, ही निवड त्याच्या हाती नाही. चांगला द्यावा की वाईट, एवढीच निवड आहे. उदाहरण राष्ट्रीय सेवा योजनेचे घ्या. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास समाजकार्य आणि सात दिवसांचे खेड्यातले शिबिर, अशी तिची रचना. ज्या महाविद्यालयात एखादा तळमळीचा प्राध्यापक हे काम मनापासून करवून घेतो, तेथील मुले बंधारा बांधतात, गावकऱ्यांच्या ओसरीवर झोपतात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पंगतीला बसतात, आणि आयुष्यभर पुरेल एवढी शिदोरी घेऊन येतात. परंतु जेथे तास केवळ वहीत भरले जातात, नवा कोरा झाडू हाती देऊन छायाचित्र काढले जाते आणि प्रमाणपत्र वाटले जाते, तेथे मुले काहीच शिकत नाहीत असे समजू नका. तीही एक धडा शिकतात. सरकारी कागदावर जे लिहिले जाते ते खरे नसते, आणि खोट्या सहीने आपले काम होते, हा तो धडा. पुढे हीच मुले कारकून होतात, अभियंते होतात, ठेकेदार होतात. मग रस्ता पहिल्या पावसात का वाहून गेला, याचे उत्तर आपण अन्यत्र शोधत बसतो.

करवीरची साक्ष

महाविद्यालयीन वयातील अनुभव माणसाला नागरिक कसा बनवतो, याचा दाखला शोधायला कोल्हापूरकरांना परदेशी जाण्याचे कारण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे बोर्डिंग निघाले, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांचे. १९०८ साली तेव्हा अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले; मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. लिंगायत, सारस्वत, दैवज्ञ, शिंपी अशा अनेक समाजांची वसतिगृहे त्या शहरात उभी राहिली. भारतीय ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही होते.

आज काहींना प्रश्न पडतो, की जातिभेदाच्या विरोधात असलेल्या या राजाने जातवार वसतिगृहे का काढली? उत्तर त्या काळातच आहे. खेड्यातला शेतकऱ्याचा पोर शहरात आला, तर त्याला पाटी टेकायला आणि पान मांडायला जागा नव्हती. एका पंगतीत सर्वांनी बसणे तेव्हा समाजाला मान्य नव्हते, आणि आपल्या मुलांसाठी प्रत्येक समाज पदरमोड करायला तयार होता. महाराजांनी ती तयारी उपयोगात आणली. वसतिगृह हे शहरात शिरण्याचे दार होते.

दार मात्र दारच राहावे लागते. ते बंद झाले, की त्याची भिंत होते. याच शहरातली भाऊराव पाटलांची हकिकत सर्वश्रुत आहे. विद्यार्थिदशेत ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, आणि परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एका विद्यार्थ्याने आंघोळ करण्याचे नाकारले, एवढीच ती गोष्ट. त्या काळच्या पालकांच्या भाषेत सांगायचे, तर पोरगा भानगडीत पडला! पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह काढले, जेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एकाच चुलीवरचे जेवत. १९२७ साली गांधीजींनी येऊन त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले. भाऊरावांना ही दृष्टी कोणत्या पाठ्यपुस्तकाने दिली नव्हती. कोल्हापुरातल्या एका वसतिगृहाच्या दारातून आत-बाहेर करताना ती त्यांना मिळाली.

आता याच शहराचे अलीकडचे चित्र पाहू. ६ मे २०२२ रोजी, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. वाहने थांबली, दुकानदार पायरीवर उभे राहिले. त्यानंतर तेरा महिन्यांनी, ७ जून २०२३ रोजी, मोबाईलवरील काही स्टेटसवरून त्याच शहराच्या रस्त्यांवर जमाव उतरला, दगडफेक झाली, पोलिसांना अश्रुधूर वापरावा लागला. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. स्तब्ध उभे राहणे शंभर सेकंदांत जमते. शेजाऱ्याबरोबर राहणे तेवढ्या वेळात जमत नाही. त्याला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. तो सराव आपल्या तरुणांना कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या वसतिगृहात मिळतो आहे, हा प्रश्न केवळ कोल्हापूरच्या मुसलमानांचा किंवा हिंदूंचा नाही. तो आपलाही आहे. दगड भिरकावला जातो तेव्हा तो पुढच्या वेळी कोणत्या खिडकीवर पडेल, हे फेकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

नुसते शेजारी बसणे पुरत नाही

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. सर्व जातिधर्मांची मुले एका वर्गात बसली म्हणजे आपोआप बंधुभाव वाढतो, असे आपण भाषणांतून सांगतो. तसे होत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच सांगून ठेवले होते, की भिन्न गटांतील सहवास पूर्वग्रह कमी करतो खरा, पण त्याला अटी आहेत. सहवासात दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, त्यासाठी एकमेकांवर विसंबून काम करावे लागले पाहिजे, आणि वरिष्ठांचा त्याला मनापासून पाठिंबा हवा.

आपल्याच देशातील दोन अभ्यासांनी याला पुष्टी दिली आहे. दिल्लीतील खासगी शाळांना गरीब मुलांसाठी काही जागा ठेवणे बंधनकारक झाले, तेव्हा गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने सधन मुलांवर होणारा परिणाम तपासला. गरीब वर्गमित्र लाभलेली सधन मुले अधिक उदार झाली, आणि खेळात सोबती निवडताना गरिबाला डावलण्याचे त्यांचे प्रमाण घटले. इंग्रजीच्या गुणांत झालेली थोडी घट सोडली, तर अभ्यासाचे विशेष नुकसान झाले नाही. दुसरा अभ्यास मॅट लो यांचा, उत्तर प्रदेशातला. त्यांनी निरनिराळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट सामने भरवले. जे तरुण मिश्र जातींच्या एकाच संघातून खेळले, त्यांची अन्य जातींत मैत्री वाढली. जे दुसऱ्या जातीच्या खेळाडूंविरुद्ध खेळले, त्यांच्या बाबतीत परिणाम उलट दिशेने गेला. पेठापेठांच्या फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या कोल्हापूरला हे समजावून सांगण्याची गरज नाही. एका संघातून खेळणे वेगळे आणि समोरासमोर उभे राहणे वेगळे.

आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील दंगलग्रस्त व शांत शहरांची तुलना करून २००२ साली जो ग्रंथ लिहिला, त्याचाही निष्कर्ष याच वाटेने जातो. ज्या शहरांत व्यापाऱ्यांचे संघ, कामगार संघटना, व्यावसायिकांच्या संस्था हिंदू-मुसलमानांच्या मिळून होत्या, तेथे अफवेची ठिणगी पडूनही आग भडकली नाही. सणाला एकमेकांकडे फराळ पाठवणे चांगलेच. पण संकटात उपयोगी पडते ते एकत्र चालवलेल्या संस्थेतले नाते.

आता आपण आपल्याकडे पाहू. आपल्या काही मुलांचा दिनक्रम असा असतो: वर्गातून खोलीवर, खोलीवरून ख्रिस्तमंदिरात, तेथून आपल्याच चार मित्रमैत्रिणींच्या कोंडाळ्यात. तीन वर्षे कोल्हापुरात राहून त्यांनी एका दलित वर्गमित्राचे घर पाहिलेले नसते, एका मुसलमान मैत्रिणीच्या आईच्या हातचे खाल्लेले नसते. याला आपण ‘चांगली संगत’ म्हणतो. आपल्या माणसांत राहणे वाईट नाही. परक्या शहरात रविवारी ओळखीची स्तोत्रे कानी पडली, की मुलाचा जीव भांड्यात पडतो. पण आपले मंडळ त्याला बळ देऊन बाहेर पाठवते, की आत ओढून दार लावून घेते? शाहूकालीन वसतिगृहांना जो प्रश्न होता, तोच आपल्यालाही आहे.

शिक्षा कुणाला झाली?

निवडणुकीच्या विरोधात पालक जो मुद्दा मांडतात, तो मात्र पोकळ नाही. १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. हे नाव ऐकून आजही आपल्या आयांच्या काळजात चर्र होते, आणि ते स्वाभाविक आहे. त्यानंतर महाराष्ट्रात खुल्या निवडणुका बंद झाल्या, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर नेमलेल्या प्रतिनिधींची मंडळे आली. ज्याला गुण अधिक तो वर्गाचा प्रतिनिधी.

या व्यवस्थेत दोष कोणता? गुन्हा गुंडांचा होता, त्यांना पोसणाऱ्यांचा होता. शिक्षा मात्र मतदारांना झाली. विधानसभेच्या निवडणुकीत कोठे मतदान केंद्र ताब्यात घेतले गेले, तर आपण विधानसभा बरखास्त करून दहावीच्या गुणांवर आमदार नेमत नाही. बंदोबस्त वाढवतो, फेरमतदान घेतो. आणि योगायोग पाहा. त्याच १९८९ साली, घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले गेले. म्हणजे देशाने अठरा वर्षांच्या मुलीला सांगितले, की पंतप्रधान कोण असावा हे ठरवण्यात तुझा वाटा आहे; आणि राज्याने तिला सांगितले, की वर्गाचा प्रतिनिधी कोण असावा हे ठरवण्याची अक्कल तुला नाही. या दोन वाक्यांचा मेळ आजवर कुणी घालून दाखवलेला नाही.

निवडणुका गेल्या म्हणून राजकारण महाविद्यालयातून गेले का? मुळीच नाही. पुढचे दार लावले, ते मागच्या खिडकीने आले. चौकातले वाढदिवसाचे फलक पाहा, दहीहंडीची मंडळे पाहा, निवडणुकीच्या हंगामात दुचाक्यांवरून झेंडे मिरवणारी पोरे पाहा. ती विद्यार्थीच आहेत. फरक इतकाच, की उघड निवडणुकीत त्यांना वर्गापुढे उभे राहून आपली बाजू मांडावी लागली असती, प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली असती, हरल्यावर जिंकलेल्याशी हस्तांदोलन करावे लागले असते. आता त्यांना केवळ एका नेत्याच्या मागे उभे राहावे लागते. पहिल्या मार्गाने नागरिक तयार होतो, दुसऱ्याने कार्यकर्ता म्हणवला जाणारा आश्रित.

उपाय नव्हते असेही नाही. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने विद्यार्थी निवडणुकांसाठी नियम सुचवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ते लागू केले. उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा, ७५ टक्के उपस्थितीची अट, छापील फलकांना बंदी. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका पुन्हा आणल्या. कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. २०१९ साली निवडणुकांची तयारी होऊनही त्या पुढे ढकलल्या गेल्या, आणि नंतर महामारीत विषयच मागे पडला. कायदा पुस्तकात असावा आणि अनुभव विद्यार्थ्याला मिळू नये, हा नागरिकशास्त्राचा कसला धडा? याविरुद्ध आपल्या किती पालक-संघांनी, किती युवक मंडळांनी एका ओळीचे पत्र पाठवले? शुल्क वाढले की आपण जागे होतो. हक्क कमी झाला की आपल्याला हायसे वाटते.

‘आपण मूठभर’

यापुढचा मुद्दा अधिक नाजूक आहे. ‘आपण मूठभर. उगाच डोळ्यांवर येऊ नये,’ असे ज्येष्ठ मंडळी सांगतात. संख्या खरीच लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी होते. पण या संख्येतून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. ज्यांची संख्या मोठी आहे, त्यांचे एकेका माणसाच्या गप्प बसण्याने काही बिघडत नाही. ज्यांची संख्या लहान आहे, त्यांचा प्रत्येक माणूस बोलता असावा लागतो.

आपल्या आधीच्या पिढीने हे ओळखले होते. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरू त्या सभेचे सदस्य होते. अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा ठेवाव्यात की नाही, हा प्रश्न आला तेव्हा ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागांचा आग्रह सोडला. १९४९ साली धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांची तरतूद रद्द करण्याचे ठरले. त्या लोकांनी कोणती पैज लावली, हे नीट समजून घेतले पाहिजे. आम्हाला वेगळी खुर्ची नको, आम्ही सर्वांच्या मतांवर, सर्वांमधून उभे राहू, अशी ती पैज होती. संस्था चालवण्याचा हक्क त्यांनी ३० व्या कलमात मिळवून ठेवला. पण त्या संस्थांच्या आत लपून बसण्यासाठी नव्हे. आज आपण त्या ३० व्या कलमाचा उच्चार पदोपदी करतो आणि ती पैज मात्र विसरतो. सर्वांमध्ये उभे राहण्याचे शिक्षण ज्या वयात मिळायचे, त्या वयात आपण मुलांना कोपऱ्यात उभे राहायला सांगतो.

दान पुरेसे आहे का?

‘आमची मुले समाजकार्य करतातच की,’ असे कुणी म्हणेल. करतात, आणि त्याचे मोल कमी नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेच्या पाण्याने शहराला आणि शिरोळ तालुक्याला वेढले, तेव्हा तरुणांनी कमरेइतक्या पाण्यातून माणसे काढली, भाकऱ्या थापल्या, चिखल उपसला. त्या वेळी कुणी कुणाची जात विचारली नाही. परंतु पाणी ओसरल्यावर नागरिकाचे काम संपत नाही. तेव्हाच ते सुरू होते. पूररेषेच्या आत बांधकामांना परवानगी कोण देतो? धरणांतून पाणी सोडण्याचे वेळापत्रक कोण ठरवतो? पूरग्रस्तांच्या यादीत कुणाचे नाव आले, कुणाचे राहिले? भाकरी वाटणाऱ्या मुलाला आपण शाबासकी देतो, आणि हे प्रश्न विचारणाऱ्याला भानगडखोर ठरवतो.

आपल्या जवळजवळ प्रत्येक धर्मग्रामात संत विन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. ती कुणी स्थापली, हे किती जणांना ठाऊक आहे? पॅरिस शहरात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या काही मित्रांसह १८३३ साली. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. विद्यार्थ्यांच्या वादसभेत एका विरोधकाने त्याला टोचून विचारले, की तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता? प्रश्न झोंबला. सिस्टर रोझाली रँद्यू यांच्या मार्गदर्शनाखाली ही पोरे पॅरिसच्या गरीब वस्त्यांत जाऊ लागली. म्हणजे जी संस्था आपण ‘भानगड नसलेले समाजकार्य’ म्हणून मानतो, तिचा जन्म विद्यार्थ्यांच्या खुल्या वादविवादात झाला! ओझानाम केवळ दानावर थांबला नाही. प्राध्यापक झाल्यावर त्याने मजुरांच्या वेतनाचा प्रश्न मांडला, १८४८ साली राष्ट्रीय सभेच्या निवडणुकीला उभा राहिला, आणि हरला. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. निवडणुकीतला पराभव त्याच्या आड आला नाही.

त्याच सोसायटीचा दुसरा सभासद पिअर जॉर्जियो फ्रासाती. ट्युरिनमधील अभियांत्रिकीचा विद्यार्थी, वृत्तपत्राच्या मालकाचा मुलगा. विद्यार्थी संघटनेत वावरला, एका राजकीय पक्षाचा सभासद झाला, फॅसिस्टांना त्याने उघड विरोध केला. १९२५ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी तो वारला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संतपद दिले. त्याच्या तसबिरी आता आपल्या युवक मंडळांच्या खोल्यांत लागतील. आपल्या घरी त्याच्यासारखा मुलगा निपजला, तर मात्र आपण त्याला काय सांगू?

मागणे काय?

केवळ दोष दाखवून थांबणे योग्य नव्हे. करता येण्याजोग्या चार गोष्टी आहेत. त्यांपैकी एकीलाही मोठा निधी लागत नाही.

पहिली गोष्ट धर्मग्रामाची. दृढीकरणाचे प्रमाणपत्र जपून ठेवणाऱ्या आपल्या घरांतून अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीचा मतदार नोंदणीचा सहा क्रमांकाचा नमुना भरला जावा. हे काम धर्मग्रामातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीच करावे, आणि केवळ आपल्या घरांपुरते नव्हे, तर सगळ्या गल्लीचे करावे.

दुसरी गोष्ट आपल्या मंडळांची. आपली युवक मंडळे कशी बनतात? पुष्कळदा प्रमुख धर्मगुरू दोन नावे सुचवतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. तेथे गुप्त मतदान व्हावे, उमेदवारांनी बोलावे, वर्षाचा जमाखर्च सर्वांसमोर वाचला जावा. महाविद्यालयांनी निवडणुका घ्याव्यात असे सांगण्याआधी आपण स्वतः त्या घेऊन दाखवाव्यात. धर्मग्राम परिषदेतही विशीतल्या मुलामुलींना जागा असावी. खुर्च्या मांडण्यासाठी नव्हे, मत देण्यासाठी.

तिसरी गोष्ट आपल्या संस्थांची. जेथे धर्मगुरू वा धर्मभगिनी वसतिगृहे चालवतात, तेथे शक्य तितकी सर्व समाजांची मुले असावीत, आणि खोल्या वाटताना आपले-परके अशी फाळणी होऊ नये. खानावळीची समिती विद्यार्थ्यांनी निवडावी. तांदूळ कोणत्या भावाने आला, तेलाचे डबे किती लागले, शिल्लक किती उरली, हे तिने दर महिन्याला फळ्यावर लिहावे. बारा मुलींनी मिळून चालवलेली भांडारखोली नागरिकशास्त्राच्या बारा व्याख्यानांना भारी पडते. तेथे मते जुळवावी लागतात, चूक सापडली तर बोट दाखवावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलीबरोबर जेवायला बसावे लागते.

चौथी गोष्ट शासनाची. २०१६ च्या कायद्याने दिलेल्या विद्यार्थी निवडणुका वेळच्या वेळी, लिंगडोह समितीचे नियम काटेकोर पाळून आणि पुरेशा बंदोबस्तात घेतल्या जाव्यात, अशी लेखी मागणी पालक म्हणून आपण करावी. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात आपली घरे थोडी असली, तरी अर्जाखाली सही करायला बहुमत लागत नाही.

मुलांना सावध करू नये असे कुणीच म्हणणार नाही. गुंडांपासून दूर राहा, पैसे वाटणाऱ्याचे मीठ खाऊ नकोस, अफवा पुढे पाठवू नकोस, हात उगारणाऱ्या जमावात उभा राहू नकोस, हे त्यांना अवश्य सांगावे. पण त्याबरोबर हेही सांगावे, की अन्याय दिसला तर अर्ज लिही, वर्गात उभे राहून बोल, आपल्यासारखा नसलेला एक तरी मित्र कर, निवडणूक झाली तर उभा राहा. हरलास तरी आम्हाला लाज वाटणार नाही. मीठ बरणीत झाकून ठेवले, तर ते ओले होत नाही आणि सांडतही नाही. पण कालवणही अळणीच राहते. आपल्या मुलांना कोल्हापुरात पाठवताना ती बरणीत ठेवायची की कालवणात, हे आपणच ठरवायचे आहे. आपण ठरवले नाही, तर चौकातल्या फलकावरचा माणूस ते आपल्यासाठी ठरवून टाकील.